पद्मिनी पाणी फेकतेय... हेड उतरवायचं का?

मोरपंखी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. ते गेल्यावर सहा वर्षं पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. यंदा दिवाळीनंतर हातात घेतली. कार्बोरेटर साफ केला, ब्रेकची कामं केली, चारही टायर आणि बॅटरी नवी टाकली. आता चालते झकास, पण पाणी फेकते.

नेमकं सांगतो. कोथरूडहून निघून खडकवासल्याच्या पुढे जाऊन आलो तरी वाटेत काही कुरकुर नाही. मी वेगळा बसवून घेतलेला टेम्परेचरचा काटा ८५ ते ९० च्या मध्ये असतो. घरी येऊन गाडी बंद केली, दार लावलं, की तीन-चार मिनिटांत बॉनेटखालून गुडगुड ऐकू येते. मग रेडिएटरच्या मानेपासून (झाकण बसतं त्या तोंडापासून) खाली सोडलेल्या बारीक नळीतून हिरवं पाणी फरशीवर येतं. सकाळी झाकण काढलं की आत जाळीच्या नळ्यांची तोंडं उघडी पडलेली दिसतात. मी परत गळ्यापर्यंत भरतो, संध्याकाळी परत तेच.

ऑइल स्वच्छ आहे, त्यात पाणी मिसळलेलं नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. तरी फिटर म्हणतो, "हेड गॅस्केट गेलंय साहेब, हेड उतरवून फेसिंग मारू." म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून त्याखालची सीलची पट्टी बदलायची आणि तळ घासून सपाट करायचा. खर्च १४ हजार. पैशांपेक्षा भीती ही की इतकी वर्षं न उघडलेलं इंजिन एकदा उघडलं की काय काय निघेल. उतरवू का?

शेंगदाणा

गाडी पाणी फेकते म्हणजे जिवंत आहे. आमची तेलही फेकते.

घाटवाट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गुणाकार

हेडला अजिबात हात लावू नका. चालताना काटा ९० च्या आत आणि बंद केल्यावरच पाणी बाहेर, या दोन गोष्टी नीट बघा. इंजिन चालू असतं तेव्हा पंप पाणी फिरवतो आणि पट्ट्यावरचा फॅन जाळीतून हवा ओढतो. किल्ली काढली की दोन्ही थांबतात, पण हेडमधली उष्णता कुठे जाते? ती तिथल्या तिथे अडकलेल्या पाण्यात उतरते. म्हणून बंद केल्यानंतर पहिली पाच-सात मिनिटं पाणी चालतानापेक्षाही जास्त तापतं. हे प्रत्येक गाडीत होतं. नव्या गाड्यांत इलेक्ट्रिक फॅन किल्ली काढल्यावरही घूं घूं करत राहतो तो याचसाठी.

प्रश्न एवढाच की त्या पाच मिनिटांत पाण्याला दाबून धरणारं झाकण काम करतंय का. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकणाने ७ पीएसआय (दाबाचं एकक) इतका दाब धरला तर तेच पाणी ११० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. तुमची "गुडगुड" म्हणजे उकळी आहे. मला झाकणाचा संशय.

बोनेटउघडे

@गुणाकार, थिअरी बरोबर, पण माझ्याकडे अगदी अशीच लक्षणं होती आणि हेड गॅस्केटच निघालं. ऑइल पांढरं होतंच असं नाही. सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये गॅस्केट केसभर जळलं तर ऑइलला काही कळत नाही, नुसता गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी ढकलून बाहेर काढतो. मी सहा महिने झाकणं बदलत बसलो होतो. शेवटी हेड वाकलं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, खाली ब्लॉक बिडाचा. एकदा नीट तापलं की हेडच आधी मान टाकतं. फिटरला उगाच वेड्यात काढू नका.

चिंगी

हळद घाला रेडिएटरमध्ये. आमच्या काकांचा रामबाण उपाय होता. (हलके घ्या.)

काळीपिवळी

चिंगीताई, हसू नका, हळद खरंच घालायचे. जाळीला बारीक भोक असेल तर हळद तिथे जाऊन बसते आणि वेळ निभावते. पण इथे गळती नाहीच. इथे हळद घातली तर चांगल्या नळ्याच बुजतील.

मोरपंखी, माझ्या वडिलांनी मुंबईत ३१ वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली. आमचं लहानपण त्या डिकीतल्या पाण्याच्या कॅनवर बसून गेलं. तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली. तुम्ही "गळ्यापर्यंत" भरता. का भरता? ज्या रेडिएटरला बाजूला बाटली नाही, त्यात वरच्या टाकीत जागा सोडायची असते. थंड असताना नळ्यांची तोंडं बुडून वर बोटभर पाणी दिसलं की पुरे, बाकी मोकळं. तुम्ही काठोकाठ भरलंत तर गरम झाल्यावर जास्तीचं ती बाहेर टाकणारच. वडील नव्या पोरांना सांगायचे, "गाडी तिचं पाणी तिला लागेल तेवढं ठेवते, तू तिला शिकवू नको."

आठ दिवस भरायचं थांबवा. ती स्वतःच एका पातळीला येऊन थांबेल.

मोरपंखी

काळीपिवळी, मनापासून आभार. पण सकाळी नळ्यांची तोंडं उघडी असतात हो. म्हणजे जास्तीचंच टाकते असं नाही, जास्तीपेक्षा जास्त टाकते.

गुणाकार

मोजून बघा. २५ अंशांचं पाणी ९० ला गेलं की साधारण सव्वातीन टक्के फुगतं, कूलंट मिसळलेलं असेल तर चार-साडेचार टक्के. तुमच्या गाडीत पाच लिटरच्या आसपास बसत असेल तर गणित दोनशे-सव्वादोनशे मिलीचं आहे. नळीचं टोक रिकाम्या पाण्याच्या बाटलीत सोडा, फेरी मारून या आणि बाटली बघा. दोनशे मिली आलं तर काळीपिवळी बरोबर. अर्ध्या लिटरच्या वर आलं तर ते फुगलेलं पाणी नाही, वाफेने ढकललेलं.

हिरवळ

ते हिरवं पाणी फरशीवर राहू देऊ नका. चव गोडसर असते, कुत्री-मांजरं चाटतात, आणि विष आहे ते. थोडंसुद्धा पुरतं. आधी धुऊन टाका, मग चर्चा करा.

मोरपंखी

@हिरवळ, हे माहीत नव्हतं. आमच्या पार्किंगमध्ये चार बोके मुक्कामाला असतात. लगेच धुतलं.

@गुणाकार, बाटली लावली. काल संध्याकाळी सिंहगड पायथा ते घर. ६५० मिली!

बोनेटउघडे

बघा. म्हटलं होतं.

गुणाकार

बोनेटउघडे, ६५० मिलीने एवढंच सिद्ध होतं की पाणी उकळतंय किंवा गॅस घुसतोय. कोणतं ते नाही.

पंचगंगा

इथे कोल्हापूरकर ॲम्बॅसॅडरवाला. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका, फॅन बेल्ट घट्ट करा, विषय संपला. आपल्या हवेत थर्मोस्टॅट कशाला?

काळीपिवळी

नका काढू. बंद केल्यावरच्या उकळीचा थर्मोस्टॅटशी संबंध नाही, आणि तो काढला की थंडीत सकाळी इंजिन तापतच नाही, उगाच पेट्रोल पितं. बेल्ट मात्र बघाच. अंगठ्याने मधोमध दाबला की अर्धा इंच आत जायला हवा, त्याहून फार नको. करंटही (ठिणगी पडायची वेळ) बघून घ्या. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) मागे सेट केलेला, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल तर इंजिन विनाकारण तापतं.

लेस्टरकर

इंग्लंडमधून राम राम. माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, तिचं झाकण ७ पीएसआयचं. इथल्या जुन्या गाडीवाल्यांत हाच विषय महिन्यातून एकदा निघतो, आणि दर वेळी एक गडी १३ पीएसआयचं झाकण लावून येतो. तेवढं करू नका. जुन्या पितळी रेडिएटरचे सांधे झाळलेले असतात. जास्त दाबाने पाणी झाकणातून नाही निघालं तर सांध्यातून निघेल. गाडीला जे झाकण ठरवून दिलंय तेवढ्याच दाबाचं घ्या.

आणि गरम गाडीचं झाकण उघडू नका. माझ्या डाव्या मनगटावर २०११ सालचा पुरावा आहे.

शेंगदाणा

फोटो टाका, मनगटाचा नाही, मॉरिसचा.

घाटवाट

अवांतर: पूर्वी खंडाळ्याच्या घाटात मे महिन्यात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पद्मिनींची रांग कोणाकोणाला आठवते? सगळे बाबालोक रुमाल हातात धरून झाकणाकडे बघत उभे. आम्ही पोरं करवंदं खात बसायचो. मला वाटायचं ते अधिकृत सहलीचं ठिकाण आहे.

चिंगी

+१. आणि आई ओरडायची, "गार पाणी एकदम ओतू नका हो!" आमच्या घरात गाडीचं सर्वात जास्त ज्ञान तिला होतं, लायसन्स मात्र बाबांकडे.

काळीपिवळी

अवांतरात भर. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. वडिलांची त्याआधीच भंगारात गेली होती. त्यांनी तिचं रेडिएटरचं झाकण काढून आणलं. अजून टीव्हीच्या कपाटात आहे. त्यावरून आठवलं.

मोरपंखी, झाकण उलटं करा आणि खालचं काळं रबर बघा. जे झाकण वर्ष-दोन वर्षं नीट बसतंय, त्या रबरावर मानेच्या काठाचा गोल वळ उमटलेला असतो. वडिलांच्या झाकणावर तो नखाला लागतो. तुमच्या रबरावर वळ आहे का?

फिरकी

वा! याला म्हणतात प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

बोनेटउघडे

झाकण बघाच, पण गॅस्केटची परीक्षाही करून टाका, म्हणजे वाद मिटेल. इंजिन पूर्ण थंड हवं. फॅन बेल्ट काढा, म्हणजे पंप पाणी ढवळणार नाही. थर्मोस्टॅटचं घर उघडून थर्मोस्टॅट बाहेर काढा आणि तिथपर्यंत पाणी काठोकाठ भरा. गाडी चालू करून तीन-चार वेळा ॲक्सिलरेटर द्या. एक मिनिटाच्या आत बंद, कारण पंप फिरत नाहीये. पाण्यातून बारीक बुडबुडे सतत येत राहिले तर गॅस्केट. पाणी शांत राहिलं तर मी माझे शब्द मागे घेतो.

मोरपंखी

रविवार सत्कारणी लागला. वृत्तांत:

आधी बोनेटउघडे यांची परीक्षा. बायको मोबाईलचा टॉर्च धरून, मी ॲक्सिलरेटरवर. सुरुवातीला दोन-तीन मोठे बुडबुडे आले आणि आमचे दोघांचे चेहरे पडले. पण ती अडकलेली हवा होती बहुतेक, कारण नंतर पाणी ताटातल्या कढीसारखं नुसतं थरथरत राहिलं. पन्नास सेकंदांनी बंद केली. परत थंड झाल्यावर केली, तेव्हा एकही बुडबुडा नाही.

मग झाकण. काळीपिवळी, रबर कोरं आहे! सहा-सात वर्षांपूर्वीचं झाकण, आणि रबर दुकानातून आणल्यासारखं गुळगुळीत. वळ नाही, रेघ नाही.

काळीपिवळी

मग ते टेकतच नाहीये. झाकण बसलंय असं तुम्हाला वाटतंय, कारण वरचे कान मानेत अडकतात. खालचा रबर काठापर्यंत पोचत नाही.

पंचगंगा

आमच्याकडे लेथवाले असलं काही जुळतंय का बघायला निळ लावतात. काठाला निळ लावा, झाकण लावून काढा, रबराला निळ लागली तर टेकतंय.

मोरपंखी

निळ नव्हती. देवघरातलं अष्टगंध ओलं करून लावलं. रबराला कणभरही लागलं नाही. मग आगपेटीच्या काडीने खोली मोजली. मानेच्या वरच्या कडेपासून आतल्या काठापर्यंत २५ मिमी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूपासून रबरापर्यंत १९ मिमी. सहा मिलिमीटरची फट! म्हणजे मी रोज झाकण नाही, टोपी घालत होतो.

कारणही सापडलं. ताडपत्रीखाली जायच्या आधी बाबांनी रेडिएटरची जाळी बदलून घेतली होती. त्या रेडिएटरवाल्याने वरची मानही कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची झाळून बसवली असणार, आणि झाकण त्याच्याकडचं हाताला लागेल ते दिलं. नंतर गाडी चाललीच नाही, त्यामुळे कोणाला कळलं नाही. मानेखाली डाकाचा जाड थर स्पष्ट दिसतो, मी तो रोज बघत होतो.

शेंगदाणा

अष्टगंधाने रेडिएटरची पूजा झाली, आता गाडी पाणी नाही, तीर्थ देईल.

बोनेटउघडे

शब्द मागे. पण परीक्षा माझीच होती हे लक्षात असू द्या.

गुणाकार

आता त्या मानेच्या खोलीचं आणि मूळ दाबाचं झाकण शोधा. दुकानात आगपेटीची काडी नेऊ नका, चक्क मान मोजून मापाचा कागद न्या. आणि एकदा पाणी बाहेर टाकणारच आहे तर बाटलीही लावून घ्या, म्हणजे थंड झाल्यावर ते परत आत जाईल.

जुनंतेसोनं

बाटलीला विरोध. आधी वेगळा काटा लावलात, आता बाटली. उद्या इलेक्ट्रिक फॅन, परवा पॉवर स्टिअरिंग. मग पद्मिनी कशाला ठेवायची? तिला कारखान्यातून जशी आली तशी राहू द्या. बोटभर कमी भरा, काम भागतं.

हिरवळ

काका, बोक्यांचं काय? बाटली लावली तर निदान विष फरशीवर येणार नाही.

जुनंतेसोनं

हिरवळ, हा मुद्दा मान्य. पण बाटली बाहेरून दिसू नये अशी लावा.

लेस्टरकर

बाटली लावणार असाल तर इथे नव्वद टक्के लोक फसतात ते ऐका. साध्या झाकणाला एकच रबर असतं, खालचं. बाटलीसाठी दोन रबरांचं झाकण लागतं. वरचं रबर मानेची वरची कड बंद करतं आणि मध्ये छोटी चकती असते. गाडी थंड होताना आत पोकळी तयार होते, ती चकती खाली उघडते आणि बाटलीतलं पाणी ओढून घेते. वरचं रबर नसेल तर पाण्याऐवजी वरून हवा ओढली जाते. मग बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा, आणि मालक खूश. नळी बाटलीच्या तळापर्यंत हवी आणि दोन्ही टोकांना क्लिप घट्ट हव्यात.

ती चकती अडकली तर उलटं होतं. पोकळीने खालचा होज (रेडिएटरचा रबरी पाइप) चपटा होतो. सकाळी होज आवळलेल्या लिंबासारखा दिसला तर समजा.

पंचगंगा

अरे देवा. आमच्या ॲम्बीचा खालचा होज रोज सकाळी तसाच असतो. मला वाटलं वयामुळे.

काळीपिवळी

वय झाकणाचं. बदला.

मोरपंखी

तीन आठवड्यांनी वृत्तांत. उशीर झाला, माफी.

दोन रबरांचं झाकण दुकानात मिळायला वेळ लागला. पहिल्या तीन ठिकाणी "हेच चालतंय सगळ्या गाड्यांना" असं सांगून १९ मिमीचंच हातात ठेवलं. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी न बोलता गल्ल्यातून पट्टी काढली आणि मोजून दिलं. ७ पीएसआय. बाटली जुनंतेसोनं यांच्या आज्ञेनुसार बॅटरीमागे लपवली आहे, बॉनेट उघडल्याशिवाय दिसत नाही.

खरी परीक्षा पसरणी घाटात. वाई ते पाचगणी, शनिवारी दुपारी, आईला घेऊन. वर गेल्यावर लगेच बंद केली आणि बॉनेट उघडून वाट बघत उभा राहिलो. वरच्या होजला हात लावला तर आता दगडासारखा टणक, पूर्वी कधीच असा नव्हता. गुडगुड नाही. बाटलीवर मार्करने रेघ मारली होती, पाणी तिच्यावर अडीच बोटं चढलं. तासाभराने चहा पिऊन आलो तेव्हा रेघेवर परत.

आई शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिला काळीपिवळींचं "बोटभर कमी" सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा पण कमीच भरायचे. मला वाटायचं, पाण्यात पण कंजुषी करतात."

१४ हजार वाचले. झाकण, बाटली, नळी आणि क्लिपा मिळून सातशेच्या आत. फिटरला सांगितलं तर तो म्हणाला, "मी पण तेच म्हणत होतो."

बोनेटउघडे

फिटर कुठलाही असो, हे वाक्य तेच असतं.

काळीपिवळी

वा मोरपंखी! सहा महिन्यांनी रबर बघा, वळ उमटला की फोटो टाका. वडिलांना दाखवतो. आणि बोअरचं पाणी घालू नका, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड घ्या. जाळी नवी आहे तर क्षार बसवून घेऊ नका.

फिरकी

पाचगणीला चहा कुठे प्यायलात?

मोरपंखी

@काळीपिवळी, नक्की. @फिरकी, बाजारात, नाव बघितलं नाही, मी बाटलीकडेच बघत होतो.

जाता जाता एक: परतीच्या वाटेवर वाईला सर आली, आणि डिकीत स्टेपनीखाली पाणी साचलंय. हिरवं नाही, साधं.

शेंगदाणा

त्यासाठी वेगळा धागा काढा. हळद आणून ठेवतो.